सूनबाईंची यादी

ऑस्ट्रेलियात 'बुश' म्हणजे झुडूप नव्हे. गावाबाहेरचे सारे रान, मग त्यात शंभर हात उंचीचे निलगिरीचे वृक्ष का असेनात, त्या एका शब्दात मावते. या रानात पायी हिंडण्यास तिकडे 'बुशवॉकिंग' म्हणतात. आणि हे हिंडणे एकट्यादुकट्याने न करता, मंडळे स्थापून, वर्गणी भरून व तीन-तीन महिन्यांचे वेळापत्रक आधी जाहीर करून करण्याची त्या लोकांची जुनी चाल आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सिडनीस असतात. त्यांच्याकडे चार महिने राहण्याचा योग आला, तेव्हा आम्हांस असे कळले की, आमच्या सूनबाई अशाच एका स्थानिक मंडळाच्या केवळ सभासद नसून सहलींच्या म्होरक्या आहेत.

खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांस हसूच आले. चालण्यास मंडळ कशाला? आमच्या तरुणपणी मनात आले की पहाटे उठून सिंहगड गाठावा, सुटी लागली की पिशवीत भाकरी व लसणाची चटणी टाकून राजगडाची वाट धरावी, असा प्रघात होता. कोण येणार, किती येणार, केव्हा परतणार, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. परत येईपर्यंत आमच्या मातोश्री ओसरीवर बसून राहत, हाच काय तो हिशेब.

पण दोन महिने सूनबाईंचे काम जेवणाच्या मेजापलीकडून पाहिल्यावर आमचे हसू हळूहळू ओसरले. ज्या वाटेने मंडळी न्यावयाची ती त्यांनी आधी स्वतः एका सोबत्यासह चालून पाहिली. कोठे पायऱ्या खचल्या आहेत, कोठे ओढा ओलांडावा लागतो, दमलेल्या माणसास अर्ध्यातून बाहेर काढण्यास दुसरी वाट आहे की नाही, हे टिपून आणले. नंतर सहलीची प्रत ठरविली. सोपी, मध्यम, कठीण अशा तीन प्रती असतात. परंतु त्या नुसत्या मैलांवर ठरत नाहीत, चढ किती आणि पायाखाली काय आहे यांवर ठरतात. सपाटीवरचे बारा किलोमीटर सोपे असू शकतात व दगडांतले सहा कठीण. मग यादी. बारापेक्षा अधिक माणसे घ्यावयाची नाहीत, कारण अरुंद वाटेवर म्होरक्याला शेवटचा माणूस दिसेनासा होतो. चारांपेक्षा कमी असल्यास निघावयाचे नाही. कारण एकाचा पाय मोडला तर एकाने त्याच्याजवळ बसावे आणि दोघांनी मदतीस जावे, एकट्याने कोणी धावू नये. हे चारांचे गणित आम्हांस फार आवडले.

सर्वांत नाजूक काम मात्र 'नाही' म्हणण्याचे. नवख्या माणसास दूरध्वनी करून विचारावयाचे की, शेवटचे सहा तास केव्हा चाललात, बूट कोणते आहेत, औषध चालू आहे काय. उत्तर समाधानकारक नसेल तर गोड शब्दांत सोप्या सहलीस पाठवावयाचे. एके रात्री पलीकडून कोणी गृहस्थ चढ्या आवाजात बोलत असावेत. सूनबाई शांतपणे तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगत होत्या. भात वाढता वाढता त्यांनी तो रोष सोसला, आणि यादीतून नाव काढले ते काढलेच.

तोच प्रसंग आमच्यावर आला. मे महिन्यात, म्हणजे तिकडील हिवाळ्याच्या तोंडावर, ब्ल्यू मौंटन्समध्ये एक मध्यम प्रतीची सहल होती. आम्ही सहज म्हणालो, "आम्हीही येतो." सूनबाईंनी पेन खाली ठेवले नाही. "बाबा, बूट कोणते घालणार? गुडघा कसा आहे?" गुडघ्याचा विषय निघताच सौभाग्यवतींनी त्याचा पाच वर्षांचा इतिहास मेजावर मांडला. आमच्या मातोश्री आमच्या आजोबांना मामंजी म्हणत व त्यांच्यासमोर कधी बसल्या नाहीत. आमच्या सूनबाई आमची परीक्षा घेत होत्या. मग तीन रविवार आम्हांस उपनगरातील टेकडीवर चालविण्यात आले, नवे बूट घेण्यात आले, आणि 'धोका समजून स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' असे छापील कागदावर लिहून घेण्यात आले. चिरंजीव हे सर्व पाहत होते; ते एक शब्दही बोलले नाहीत. शहाणे आहेत.

सौभाग्यवतींकडे घरचे काम आले. प्रत्येक सहलीच्या वेळी रानात न जाणाऱ्या एका व्यक्तीपाशी नावांची यादी, वाटेचा नकाशा आणि परतण्याची वेळ ठेवून जावे लागते. पाच वाजता निरोप अपेक्षित. सहापर्यंत आला नाही तर पोलिसांस कळवावयाचे. त्यापूर्वी घाबरून कळवावयाचे नाही, त्यानंतर भिडेखातर थांबावयाचे नाही. ओसरीवर बसून राहण्याचे आमच्या मातोश्रींचे काम येथे नियमाने बांधले होते.

सिडनीहून ब्लॅकहीथ आगगाडीने सुमारे दोन तासांवर, समुद्रसपाटीपासून हजारएक मीटर उंचीवर आहे. आमच्या शेजारी पिछाडी सांभाळणारे सत्तरीचे निवृत्त शिक्षक बसले होते. मंडळांचा इतिहास त्यांना मुखोद्गत. माइल्स डन्फी व त्यांच्या मित्रांनी १९१४ साली 'मौंटन ट्रेल्स क्लब' काढला. परंतु तेथे निमंत्रणावाचून प्रवेश नसे आणि स्त्रियांना तर मुळीच नसे. १९२७ साली 'सिडनी बुश वॉकर्स' हे मंडळ निघाले, त्यात स्त्री-पुरुष दोघेही आरंभापासून होते. मेरी बाइल्स या त्याच मंडळातल्या. १९२४ साली न्यू साउथ वेल्स प्रांतात सॉलिसिटरची सनद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सिडनीच्या उत्तरेस समुद्रकाठचे बुडी नावाचे रान १९३५ साली राखीव झाले, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. सूनबाईंकडे पाहून गुरुजी म्हणाले, "बायकांना घेतल्यावर मंडळाचे हिशेब नीट लागू लागले." हे विनोदाने म्हणाले की अनुभवाने, ते आम्ही विचारले नाही.

मग त्यांनी ग्रोस नदीच्या खोऱ्यातील 'ब्ल्यू गम' वनाची हकीकत सांगितली. १९३१ च्या ईस्टरच्या सुटीत भटक्यांची एक तुकडी त्या वनात उतरली असता तेथे एक शेतकरी भेटला. जागा त्याच्या ताब्यातली. उंच निलगिरी तोडून तेथे अक्रोड लावावयाचा त्याचा बेत होता. त्या काळी मंदीचा कहर होता, भटक्यांपैकी अनेकांची स्वतःचीच भ्रांत. मोजे, बूट व तंबू सोडल्यास ज्यांच्यापाशी दाखविण्याजोगे काही नव्हते, अशा त्या लोकांनी देणग्या गोळा केल्या, बिनव्याजी उसने घेतले, आणि त्या शेतकऱ्यास १३० पौंड देऊन ४० एकरांवरचा त्याचा हक्क सोडविला. १९३२ साली ते वन सार्वजनिक म्हणून राखून ठेवण्यात आले. आम्ही मनात म्हटले, ज्यांनी प्रत्येक सहलीचा पैशापैशाचा हिशेब ठेवला होता, त्यांच्यावर विश्वास ठेवून लोकांनी त्या दिवसांत पौंड काढून दिले असतील. त्याच वर्षी सर्व मंडळांचा संघ झाला व १९३६ साली हरवलेल्यांचा शोध घेणारे स्वयंसेवकांचे पथक उभे राहिले.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही त्या वेळी फारसे लक्ष दिले नाही.

सहलीच्या तोंडाशी सूनबाईंनी सर्वांना गोल उभे करून मोजले. अकरा. प्रत्येकास पाणी, पावसाळी कोट, विजेरी आणि शिटी आहे ना हे पाहिले. स्वतःच्या पिशवीत संकटाच्या वेळी उपग्रहामार्फत खूण पाठविणारे एक छोटे यंत्र होते. अशी यंत्रे ब्लॅकहीथच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीतून फुकट उसनी मिळतात. नंतर त्यांनी इंग्रजीत नियम सांगितले: माझ्यापुढे कोणी जाऊ नये, गुरुजींच्या मागे कोणी राहू नये, वाट फुटेल तेथे सर्वांनी थांबावे, आणि कोणत्याही कारणाने वाट सोडावी लागली तर सांगून जावे, सांगावयाचे नसेल तर आपली पिशवी वाटेवर ठेवून जावे. आम्ही हे ऐकले, पण लग्नात भटजींनी सांगितलेले ऐकावे तसे.

ती वाट 'ग्रँड कॅनियन'ची. एकंदर सहा-साडेसहा किलोमीटर, तीन-चार तासांची. नीट्स ग्लेन येथून जिन्यासारखी खाली उतरते, आणि शंभर पावलांत हवा पालटते. वरचे कोरडे रान संपून नेच्यांची गर्दी सुरू होते. दोन्ही बाजूंस वालुकाश्माचे ओले कडे इतके जवळ येतात की आकाशाची एक फीत तेवढी उरते, आणि खोल कोठेतरी दिसेनासा झालेला ओढा बोलत राहतो. एके ठिकाणी तर वाट कड्यातल्या लहानशा बोगद्यातून जाते. सह्याद्रीतल्या घळी आम्ही पाहिल्या आहेत, पण तेथे ऊन आत येते. हा हिरवा अंधार निराळाच.

आता लिहावयास संकोच वाटतो ते लिहितो. थंडीमुळे व सकाळच्या दोन पेले चहामुळे आम्हांस मध्येच आडोशास जाणे भाग पडले. पुढे म्होरकी आमची सून. तिला हाक मारून सांगावयाचे काय? मागे गुरुजी एका बाईंच्या बुटाची नाडी बांधून देत होते. आम्ही पिशवी पाठीवर तशीच ठेवून, कोणास न सांगता, एका मोठ्या शिळेआड गेलो. बाहेर आलो तो वाटेवर कोणी नाही. मंडळी पुढे गेली असावी असे समजून झपाझप निघालो, आणि ओढ्याच्या काठाने गेलेल्या एका पुसट पायवाटेस लागलो. माणसांनीच मळलेली होती, म्हणून शंका आली नाही. साठ-सत्तर पावलांवर ती एका शेवाळलेल्या कातळाच्या कडेशी संपली. तेथे आमचा डावा पाय घसरला. खाली फार खोल नव्हते. परंतु बसल्या जागेवरून उठताना गुडघ्याने सौभाग्यवतींची सगळी साक्ष खरी केली. हाका मारल्या. ओढ्याच्या आवाजात त्या आमच्याच कानांपर्यंत पोचत होत्या. भ्रमणध्वनीस त्या घळीत आवाज नसतो.

पुढे बोशां धबधब्याकडे उतरणारी वाट व वर एव्हान्स लुकआउटकडे चढणारी वाट जेथे फुटते, तेथे सूनबाईंनी नियमाप्रमाणे मंडळी थांबवून मोजली होती. दहा. त्यांनी स्वतः माघारी धाव घेतली नाही, हे आम्हांस नंतर कळले. आठ माणसे आपल्यापाशी एके ठिकाणी बसवून ठेवली, घड्याळ पाहून वेळ लिहिली, आणि गुरुजींना व एका तरुणास मागे पाठविले. अर्ध्या तासात परतावे असे बजावून. सासरे हरवले असता सुनेने जागेवर बसून राहावे, यास काय लागते ते आम्ही त्यानंतर पुष्कळदा मनाशी मोजून पाहिले आहे.

आम्हांस ऐकू आल्या त्या तीन शिट्या. थोडे थांबून पुन्हा तीन. तेव्हा आमच्या पिशवीस बांधलेली शिटी आठवली, जी सकाळी आम्हांस पोरखेळ वाटली होती. आम्ही ती जीव खाऊन फुंकली. गुरुजी आले, त्यांनी प्रथम गुडघा पाहिला, मग आमच्या पाठीवरची पिशवी पाहिली, आणि काहीच बोलले नाहीत.

मंडळी पस्तीस मिनिटे त्या ओल्या सावलीत कुडकुडत बसली होती. एका बाईंची परतीची गाडी चुकणार हे ठरलेच होते. कोणी आम्हांस टोचून बोलले नाही. एकाने गरम कॉफी पुढे केली, ती घेताना आमचा हात थरथरत होता. सूनबाईंनी मोठ्याने मोजले, "अकरा," आणि वहीत वेळ लिहिली. पायऱ्यांचा तो शेवटचा चढ आम्ही सर्वांच्या मध्ये, दोन काठ्या टेकीत, मुकाट्याने चढलो.

वर पोचल्यावर त्या जवळ आल्या व मराठीत हळूच म्हणाल्या, "बाबा, मला सांगायचं नव्हतंच तुम्ही. नुसती पिशवी ठेवायची होती."

तो नियम आमच्यासारख्या संकोची माणसांसाठीच केलेला आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. तोंडाने बोलण्याची लाज वाटते, म्हणून पिशवीने बोलावे. पाहुण्या घरी कडी नसलेल्या न्हाणीघराच्या दारावर पंचा टाकून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. आणि तो आम्हांस जन्मभर ठाऊक होता.

घरी सौभाग्यवतींनी पाच वाजल्यापासून यादी पुढे घेतली होती. सव्वापाचला चिरंजीव पोलिसांस कळवू या म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवून सहा वाजले नसल्याचे सांगितले व हातातले जपमाळेचे मणी पुढे सरकविले. पाच चाळीसला निरोप पोचला. त्या रात्री सूनबाईंनी मंडळाकडे जो अहवाल पाठविला त्यात घडले ते सर्व लिहिले होते, वेळांसह. आमचे नाव घालू की नको, असे त्यांनी विचारले. आम्ही घाला म्हणालो. सासऱ्याची चूक सुनेने झाकली असे कोणी म्हणू नये, एवढाच त्यातला अभिमान.

गुडघा पंधरवड्यात ताळ्यावर आला. पुढील महिन्यात सोप्या प्रतीची एक सहल होती, तीस आम्ही पुन्हा नाव दिले. सूनबाईंनी बूट व गुडघा यांविषयी पहिल्यापासून सर्व प्रश्न विचारले, आणि बारा जागा भरल्या असल्यामुळे आम्हांस प्रतीक्षायादीत तिसरे घातले. निघण्याच्या आदल्या रात्री तिघे गळाले, तेव्हा आमची वर्णी लागली.