परदेशी जाताना मोबाईल: ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना बॅगेत काय भरायचं ते सगळेच सांगतात, अगदी मेतकुटापासून मोज्यांपर्यंत. फोनचा विषय निघाला की मात्र जितकी माणसं तितके सल्ले. कुणी म्हणतं, इथलं सिम काढून कपाटात ठेवा. कुणी म्हणतं, रोमिंगच्या वाटेलाच जाऊ नका. सल्ले आपुलकीनेच दिलेले असतात, पण त्यातले बरेचसे आता जुने झालेत आणि उरलेल्यांत दोन वेगळ्या गरजांची गल्लत असते.

परदेशात फोनकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे आपला भारतातला नंबर, कारण बँक, पेन्शन, आधार, म्युच्युअल फंड सगळं त्याला जोडलेलं आहे. दुसरी म्हणजे इंटरनेट. नंबर फक्त आपलं भारतीय सिमच जिवंत ठेवू शकतं. इंटरनेट मात्र कुणाकडूनही घेता येतं. ही फोड मनात पक्की असली की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

‘इथलं सिम तिकडे काय कामाचं? काढून ठेवा.’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. ठेवीची मुदत संपली, वीजबिल भरायचंय, घरभाड्याचे पैसे वळते करायचेत. प्रत्येक ठिकाणी ओटीपी लागतो आणि तो एसएमएसने त्याच नंबरवर येतो. परदेशात असताना येणाऱ्या एसएमएसचे पैसे भारतीय कंपन्या साधारणपणे घेत नाहीत. म्हणजे सिम फोनमध्ये राहू दिलं तर ओटीपीची सोय जवळजवळ फुकटात होते.

यात लोकांची गफलत होते ती दोन वेगळ्या बटनांमध्ये. ‘इंटरनॅशनल रोमिंग’ कंपनीकडून चालू करून घ्यावं लागतं, ॲपवरून किंवा कस्टमर केअरला फोन करून, आणि तेही शक्यतो भारतात असतानाच. ‘डेटा रोमिंग’ हे आपल्या फोनच्या सेटिंगमधलं बटन. पहिलं चालू हवं, दुसरं भारतीय सिमसाठी बंद हवं, रोमिंगचा डेटा पॅक घेतलेला नसेल तर. रोमिंगचं भलंमोठं बिल येतं ते मुख्यतः दुसरं बटन चालू राहिल्यामुळे, कारण आपण फोनला हात न लावताही ॲप मागच्या मागे इंटरनेट वापरत असतात.

प्रीपेडवाल्यांनी आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३पासूनच्या नियमानुसार सलग ९० दिवस नंबरवर कॉल, एसएमएस, डेटा असा कसलाच वापर झाला नाही, तर कंपनीला तो नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना बहुतेक वेळा सहा महिने राहण्याची परवानगी मिळते. सिम कपाटात ठेवून गेलात, तर परत येईपर्यंत हा हिशेब कधीच ओलांडलेला असतो. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे निरोप एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. त्यामुळे निघण्यापूर्वी लांब मुदतीचं रिचार्ज करा आणि मुदत संपण्याची तारीख घरातल्या दोघा-तिघांना सांगून ठेवा. रिचार्ज कुठूनही करता येतं, फक्त कुणाला तरी आठवण हवी.

‘इनकमिंग तर फुकटच असतं.’

देशात फुकट, परदेशात नाही. तुम्हाला फोन करणारा सांगलीहून बोलतोय, त्याला तुम्ही न्यू जर्सीत आहात हे ठाऊकही नसतं, आणि तो देतो फक्त देशातल्या कॉलचे पैसे. भारतापासून तिथल्या नेटवर्कपर्यंतच्या पुढच्या प्रवासाचा खर्च उचलणाऱ्याच्या माथी येतो. रोमिंग पॅक नसेल तर कर्ज विकणाऱ्या कंपनीच्या कॉलसाठीसुद्धा मिनिटामिनिटाचे पैसे कापले जातात. फोन नुसता वाजला तर पैसे लागत नाहीत. नंबर बघा आणि व्हॉट्सॲपवरून उलटा फोन करा.

एक बारकावा मात्र सहसा कुणी सांगत नाही. ‘उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर पाठवा’ असं कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल, तर न उचललेला कॉलही परदेशापर्यंत येऊन पुन्हा भारतात वळू शकतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुमच्या खात्यातून जाऊ शकतात. निघण्याआधी ##००२# डायल केलं की सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात.

‘नवं सिम घेतलं की व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल.’

नाही बदलत. व्हॉट्सॲप ज्या नंबरवर नोंदवलंय त्याच नंबरवर चालू राहतं, इंटरनेट कुठल्याही सिमचं असो. नवं सिम घातल्यावर ॲपने नंबर बदलायचा का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, एवढंच. दुबई-अबूधाबीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण कॉल बंद असतात. तिथे राहणारे आपले लोक त्यासाठी बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात.

‘ई-सिम म्हणजे काहीतरी किचकट, आणि जुनं सिम जातं.’

उलट, आईवडिलांसाठी ही सगळ्यात सोयीची व्यवस्था आहे. भारतीय सिम आपल्या खाचेत तसंच राहतं आणि परदेशी डेटाची ई-सिम फोनच्या आतल्या चिपवर उतरते. तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का, हे बघायला *#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर ‘ईआयडी’ नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर आहे.

पर्यटकांसाठीची डेटा ई-सिम घरच्या वायफायवर, निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावी, कारण ती उतरवायलाच इंटरनेट लागतं. त्यासाठी मुलाने पाठवलेला क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा लागतो, म्हणून तो शक्यतो लॅपटॉपवर उघडा किंवा छापून घ्या. नव्या फोनांत तो गॅलरीतूनही घेता येतो. उतरवलेली ई-सिम चुकून पुसू नका, अनेकदा तोच कोड दुसऱ्यांदा चालत नाही. मुदत उतरवल्या दिवसापासून सुरू होते की परदेशी नेटवर्क पकडल्यावर, हे खरेदीआधी वाचा. मग सेटिंगमध्ये मोबाईल डेटासाठी ई-सिम निवडा. आयफोनमध्ये ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ हे बटन बंद करा, म्हणजे ई-सिमची रेंज गेली तरी फोन भारतीय सिमच्या डेटाकडे वळणार नाही.

सहा महिने राहायचं असेल तर पर्यटकांच्या ई-सिमपेक्षा मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणं किंवा तिथलं प्रीपेड घेणं बरं. स्थानिक नंबर मिळतो, आणि डॉक्टर, औषधाचं दुकान, शेजारी सगळ्यांना तो देता येतो. याउलट सिंगापूरला चार दिवस जायचं असेल, तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेऊन मोकळं व्हावं. रोमिंग नेहमीच लुटतं, हाही गैरसमजच आहे. पॅक न घेतलेलं रोमिंग लुटतं. चीनमध्ये तर भारतीय सिमच्या रोमिंगचा खास फायदा आहे. तिथल्या स्थानिक इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सॲप बंद असतात, पण रोमिंगचा डेटा आधी आपल्या कंपनीच्या यंत्रणेत येऊन मग पुढे जातो, त्यामुळे ही ॲप सहसा चालतात.

‘युरोपचं सिम म्हणजे अख्खा युरोप.’

१५ जून २०१७पासून युरोपीय संघातल्या देशांमध्ये फिरताना तिथल्या सिमला वेगळं रोमिंग शुल्क लागत नाही, हे खरं. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि ब्रिटनही आता नाही. आपल्याकडच्या युरोप सहली लंडन, पॅरिस, ल्युसर्न, रोम अशाच असतात, म्हणजे चारांपैकी दोन ठिकाणं त्या नियमाबाहेर. पॅरिसमध्ये घेतलेलं सिम स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ शिखराच्या पायथ्याशी चालेल असं गृहीत धरू नका. पाकिटावरची देशांची यादी वाचूनच पैसे द्या.

‘फोन चांगला आहे, कुठेही चालेल.’

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियाने २०२४च्या ऑक्टोबरअखेर. आता तिथे साधा कॉलही फोरजीवरून जातो आणि तुमचं मॉडेल त्या कंपनीने मान्य केलेलं नसेल तर इंटरनेट चालूनही कॉल लागत नाही. त्यात आणीबाणीचा कॉलही आला. कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून आधीच तपासता येतं. उलट दिशेनेही सावध राहा. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन अनेकदा त्या कंपनीपुरता लॉक असतो, आणि आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमची खाचच नाही. मुलाने दिलेला असा फोन इकडे आणाल तर भारतीय नंबरही ई-सिमवर घ्यावा लागेल.

जहाजाच्या सहलीला आणि विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. भर समुद्रात तो जहाजावरच्या, उपग्रहामार्फत चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो, आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेले नसतात.

आईवडिलांचा फोन लावून देणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. भारतातले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा, नाहीतर परदेशी सिमवरून भारतात फोन लागणार नाही. आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करणं, डेटासाठी सिम निवडणं ही दोन कामं निघण्याआधी एकदा त्यांच्या हातून करून घ्या. ट्रान्झिटमध्ये सेटिंग बदललं तर ते दुरुस्त करायला तुम्ही तिथे नसणार.