पहिलं पान कुणासाठी?

डेबियन ही १९९३पासून स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त संगणकप्रणाली. डिसेंबर २०२०मध्ये तिच्या संकेतस्थळाचं पहिलं पान बदललं. आधी तिथं मजकुराची नि दुव्यांची दाटी होती. आता 'डाउनलोड' समोरच दिसतं.

आपण स्वयंसेवक चुकतो ते इथंच. आपल्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून सगळंच पहिल्या पानावर मांडतो. नवखा मात्र तीनच गोष्टी विचारतो: हे काय आहे? कुठून घ्यायचं? अडलं तर कुणाला विचारू?

म्हणून रंग नंतर ठरवू. आधी इथल्याच, शहागडच्या एखाद्या पोराच्या हातात फोन देऊ, गप्प बसू आणि त्याचं बोट कुठं अडतं ते पाहू. बदल तिथूनच सुरू करायचा. तो कंटाळून निघून गेला, तर आपला उद्याचा स्वयंसेवकच गेला.