‘कोल्या’: सेलोवादक आणि रशियन पोर

‘कोल्या’ हा १९९६ सालचा चेक चित्रपट. पन्नाशी उलटलेला, संसाराची जबाबदारी कायम टाळत आलेला एक सेलोवादक आणि पाच वर्षांचा एक रशियन मुलगा यांची ही गोष्ट आहे. दोघांचे रक्ताचे नाते नाही, भाषा एक नाही आणि सुरुवातीला दोघांनाही एकमेकांची सोबत नको असते. तरीही त्यांच्यात माया कशी जडत गेली, हे दिग्दर्शक यान स्वेराक यांनी हसवत हसवत आणि कुठेही गळा न काढता दाखवले आहे.

कथा घडते ती १९८९च्या सत्तापालटाआधीच्या प्रागमध्ये. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या पुढाकाराने वॉर्सा करारातील देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि तिथल्या सुधारणा चिरडल्या गेल्या. त्यानंतर सोव्हिएत सैन्याने तिथेच तळ ठोकला. त्यामुळे सामान्य चेक माणसाच्या मनात रशियनांविषयी खोल राग होता. या पार्श्वभूमीवर चेक घरात रशियन मूल वाढणे ही साधी गोष्ट उरत नाही.

नायक फ्रांतिशेक लौका हा एके काळचा नामांकित वादक. सरकारची खप्पा मर्जी झाल्यामुळे फिलहार्मोनिक वाद्यवृंदातली त्याची जागा गेलेली असते. आता तो दहनगृहातल्या अंत्यविधींना सेलो वाजवतो आणि थडग्यांवरची पुसट अक्षरे पुन्हा रंगवून वरकमाई करतो. डोक्यावर कर्ज असते आणि छोटी त्राबांट मोटार घेण्याची हौसही असते. कबरी खणणारा त्याचा मित्र एक तोडगा सुचवतो: एका रशियन बाईला चेक कागदपत्रे हवी आहेत, पैसे घेऊन तिच्याशी नावापुरते लग्न करायचे. लौका आढेवेढे घेत तयार होतो. पण लग्न उरकताच ती बाई पश्चिम जर्मनीत निघून जाते आणि तिचा मुलगा मागे राहतो. त्याला सांभाळणारी म्हातारी आजीही आजारी पडून वारते. कागदोपत्री बाप असलेल्या लौकाच्या दारात कोल्या येऊन उभा राहतो.

इथून चित्रपट खरा रंगतो. लौका आधी मुलाला दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतो. पण मुलाला भूक लागते, झोप येते, आंघोळ घालावी लागते, आणि ही कामे उद्यावर ढकलता येत नाहीत. दहनगृहातही त्याला बरोबर न्यावे लागते. एका प्रसंगात टबात बसलेला कोल्या हातातल्या शॉवरचा फोन करतो आणि वारलेल्या आजीशी रशियनमध्ये बोलू लागतो. मूल एकटे पडले आहे हे सांगायला इथे दुसऱ्या संवादाची गरजच पडत नाही. पुढे कोल्या तापाने फणफणतो तेव्हा त्याच्या उशाशी जागणारा लौका पूर्वीचा राहिलेला नसतो. माया बोलून दाखवण्याचे प्रसंग चित्रपटात जवळजवळ नाहीत. रोजच्या उस्तवारीतूनच ती जडत जाते.

गोष्टीला धार आणते ती राजकीय परिस्थिती. लग्न खोटे असल्याच्या संशयावरून पोलीस लौकाची उलटतपासणी करतात. त्याच्यावर तुरुंगात जाण्याची आणि मुलावर सरकारी संस्थेत जाण्याची वेळ येऊन ठेपते. नोव्हेंबर १९८९ मध्ये शांततेच्या मार्गाने घडलेल्या ‘मखमली क्रांती’ने कम्युनिस्ट राजवट संपते. लौका किल्ल्या खुळखुळवणाऱ्या निदर्शकांत कोल्यासह सामील होतो. त्याच्यावरचे संकट टळते, वाद्यवृंदातली जागाही परत मिळते. पण सीमा उघडल्यामुळे कोल्याची आई त्याला न्यायला येऊ शकते. ज्या स्वातंत्र्याने लौकाला सगळे परत दिले, त्यानेच हा मुलगा त्याच्यापासून नेला. चित्रपटाचे मोठेपण या गुंत्यात आहे: कुणीही खलनायक नाही, आईचा हक्कही खरा आणि लौकाचे दुःखही खरे.

लौकाची भूमिका दिग्दर्शकाचे वडील झ्देनेक स्वेराक यांनी केली आणि पावेल टाउसिग यांच्या कल्पनेवरून पटकथाही त्यांनीच लिहिली. कोल्या झालेल्या आंद्रेई खालिमोनच्या अवघडलेपणात आणि हट्टात कुठेही शिकवल्याचा भास होत नाही. लौकाची मैत्रीण क्लारा हिची भूमिका लिबुशे शाफ्रान्कोवा यांनी केली आहे. १९९७ साली या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचे गोल्डन ग्लोब आणि ऑस्कर असे दोन्ही पुरस्कार मिळाले. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची फाळणी झाल्यानंतर स्वतंत्र चेक प्रजासत्ताकाच्या वाट्याला आलेले हे पहिले ऑस्कर होते. दोन देशांमधले वैर खरे असतानाही दोन माणसे एकमेकांची कशी होतात, हे ‘कोल्या’ने इतक्या साधेपणाने दाखवले की चेक इतिहास ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही तो आपला वाटतो.