जुना संगणक, नवी प्रणाली

हैदराबादेत १९९८ पासून मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र आहे. त्याच शहरातील घरोघरच्या जुन्या संगणकांपुढे आज एक प्रश्न उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. परंतु कुलूप जुने राहिले आणि चोर मात्र नवी विद्या शिकत आहेत.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मान्य यादीतील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. टीपीएम पुष्कळदा यंत्रात असूनही बंद ठेवलेली असते. बायॉसमध्ये जाऊन ती चालू करता येते. रॅम बहुधा वाढविता येते, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविता येते. प्रोसेसरच यादीत नसेल, तर मात्र हा खर्च विंडोज ११ साठी व्यर्थ होय. म्हणून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरची पायरी चढण्यापूर्वी ही तपासणी घरीच करावी. अशा यंत्रासाठी लिनक्सची मोफत वाट मोकळी आहेच.

मात्र कोणतीही वाट धरण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. दिवंगत मातापित्यांची छायाचित्रे मिळत नाहीत.