गच्चीवर माती कमी, पाचोळा जास्त

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "गच्चीवर भाज्या लावायच्यात, पण सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?"

खरं सांगू? सेक्रेटरी काका अगदीच चुकीचे नाहीत. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, मातीने भरा आणि पाणी घाला. वजन जातं ३० ते ३५ किलोच्या घरात. अशा ५० बादल्या म्हणजे दीड टनाच्या वर! जुन्या इमारतीच्या स्लॅबवर एवढा बोजा कोण ठेवू देईल?

मग मातीच कमी केली तर? हे काही आज सुचलेलं नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर मुळात गणिताचे शिक्षक. 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी द्राक्ष बागायतदारांना स्वतः प्रयोग करायला शिकवलं आणि पालापाचोळ्यापासून सकस माती घरच्या घरी तयार करता येते हेही दाखवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवायचे. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग उभी केली. खाली स्वयंपाकघरात निघणारा ओला कचरा वर जाऊन झाडांचं खाद्य व्हायचा. कचऱ्याची गाडी नको, खताचं पोतंही नको.

आता ही बादली भरायची कशी? तळाला चार-पाच भोकं पाडा. खाली नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या टाका. त्यावर चुरलेला सुका पाचोळा दाबून भरा, रसवंतीवाल्याकडे चिपाडं मिळाली तर तीही. मधूनमधून भाजीच्या देठांचा, सालींचा पातळ थर द्या. सुक्या पानांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं. नुसती पानं टाकलीत तर महिनोन् महिने तशीच पडून राहतात, नुसता ओला कचरा टाकलात तर वास मारतो. वास आला की मूठभर पाचोळा अजून टाका, एवढं साधं आहे. सगळ्यात वर दोन-तीन इंच माती आणि शेणखत, बी तिथेच पडतं. ही बादली भिजली तरी मातीच्या बादलीच्या जवळपास निम्म्या वजनाची.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पाचोळा कुजतो तसा खाली बसतो. महिन्याभरात बादली अर्धी दिसायला लागली तर घाबरू नका, वरून भरत राहा.

पाचोळा कुठून आणायचा हे विचारूच नका! फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या रस्त्यांवर ढीग लागतात आणि सकाळी सकाळी कुणीतरी ते पेटवून देतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, ५ हजार रुपये दंडही ठेवला. तरी धूर दिसतोच. झाडू मारणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या पोतं भरून बाजूला ठेवतील. आंब्याची पानं जाड असतात, ती आधी चुरून घ्या.

माझं एक मत, पटलं तर बघा. ऑनलाइन कोकोपीटची वीट मागवायची, ती दुसऱ्या राज्यातून ट्रकने यायची आणि आपल्या बिल्डिंगखालची पानं जळायची, याला 'सस्टेनेबल' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुरुवात मेथीने करा. तीन-चार आठवड्यांत जुडी हातात येते, हुरूप वाढतो. मग पुदिना, अळू, मिरची. टोमॅटोला ऊन जास्त लागतं, सहा तास तरी हवंच. उन्हाळ्यात मातीवर पाचोळ्याचं पांघरूण ठेवा, पाणी बरंच वाचतं.

आणि सोसायटीच्या मीटिंगला जाताना ५० बादल्यांचं स्वप्न घरी ठेवून जा. पाच मागा. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता बीमवर, भिंतीलगत ठेवू, असं सांगा. प्रत्येकीखाली दोन विटा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि स्लॅबला ओल धरली तर लगेच दिसते. बादलीखाली ताटली ठेवलीत तर ती आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. हे सगळं एका कागदावर लिहून, खाली सही करून काकांच्या हातात द्या.