माफीनाम्यानंतरची शाळा

कॅनडातल्या अनेक शाळांमध्ये दिवसाची सुरुवात एका निवेदनानं होते: ही शाळा उभी आहे ती जमीन अमुक मूलनिवासी समाजाची. ३० सप्टेंबरला मुलं नारिंगी शर्ट घालून येतात. १९७३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या एका निवासी शाळेनं सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडचा नवाकोरा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, त्याची ही आठवण. हे सगळं हवंच. पण शाळेची बांधिलकी किती खरी, हे तिच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात कळतं, असं मला वाटतं.

कारण इथे अन्याय झाला तो शाळेच्याच हातून. सरकार आणि चर्च यांनी मिळून शंभरहून अधिक वर्षं या निवासी शाळा चालवल्या, दीड लाखांवर मुलं आईवडिलांपासून तोडली, स्वतःची भाषा बोलली म्हणून त्यांना शिक्षा केल्या. क्षयानं मुलं दगावताहेत, असा अहवाल १९०७ मध्ये सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी दिला होता. तरीही १९२० मध्ये हजेरी कायद्यानं सक्तीची झाली. नोंदलेले मृत्यूच चार हजारांहून अधिक आहेत. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ मध्ये. पुढे मरे सिंक्लेअर यांच्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. हा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीनं शिकवावा, ही त्यांतली एक. ब्रिटिश कोलंबियात २०२३-२४ पासून मूलनिवासींविषयीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही.

आजच्या मुलांचा यात काय दोष, असं विचारलं जातं. काल-परवा तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हा प्रश्न पडू शकतो. दोष नाहीच. पण मूलनिवासींशी झालेल्या ज्या करारांच्या आणि बळकावलेल्या जमिनींच्या आधारानं आपलं घर उभं आहे, ते ठाऊक असणं नागरिक म्हणून आपलं काम आहे, आपण कालच का आलो असेना.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: निवेदनं पाठ होतात, बदलत काहीच नाही. ऑन्टारिओतल्या अटावापिस्कॅट या मूलनिवासी वस्तीची प्राथमिक शाळा जमिनीत मुरलेल्या डिझेलमुळे २००० मध्ये बंद पडली आणि नवी इमारत मिळाली २०१४ मध्ये. तोवर मुलं तात्पुरत्या खोल्यांत शिकली. म्हणून आक्षेप खराच आहे, मात्र त्यावर निवेदन बंद करणं हा उपाय नव्हे. क्री किंवा ओजिब्वे भाषेच्या शिक्षकाला कायमची नोकरी, वर्गात शिकवायला येणाऱ्या ज्येष्ठांना मानधन, वस्तीवरच्या शाळेला शहरातल्या शाळेइतकाच निधी: पालकसभांनी दरवर्षी या तीन गोष्टींचा हिशेब मागायला हवा.