डीडॉस हल्ला आणि व्यवसायांचे संरक्षण

डीडॉस हल्ला म्हणजे संगणकात शिरून माहिती पळवणे, असा समज व्यावसायिकांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यात घुसखोरी होत नाही, तर असंख्य ठिकाणांहून एकाच वेळी इतक्या मागण्या पाठवल्या जातात की सर्व्हर (संकेतस्थळ चालवणारा संगणक) खऱ्या ग्राहकाला उत्तरच देऊ शकत नाही. काम नसलेल्या माणसांनी बँकेची खिडकी अडवावी आणि खातेदार बाहेर ताटकळावा, तसेच हे घडते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या अमेरिकी कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा असंख्य ग्राहकांना काही तास मिळेनाशा झाल्या. त्यासाठी मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर वेठीस धरले होते, ही बाब विशेष चिंताजनक आहे.

कार्यालयातील फायरवॉल (येणारी-जाणारी माहिती तपासणारी यंत्रणा) अशा वेळी पुरेशी ठरत नाही, कारण मागण्या तिथे पोहोचेपर्यंत इंटरनेटची जोडणीच भरून गेलेली असते. म्हणून त्यांची छाननी त्याआधीच, सेवापुरवठादाराकडे किंवा अनेक केंद्रांत भार वाटून घेणाऱ्या जाळ्यात व्हावी लागते, आणि ती व्यवस्था हल्ल्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे असते. भारतात असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.